गळ्याकडे बघून दिलेला मजला

भाडेकरू ठेवताना आमचे हे माणसाच्या गळ्याकडे बघतात. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती आणि तोंडात कन्नड असलं की झालं. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचा वरचा मजला अशा माणसाला हातातला चहा संपायच्या आत मिळतो. बाकीच्यांना "गावाकडनं पाहुणे येणार हायत" असं सांगून हे वाटेला लावतात.

विरुपाक्ष नावाचा तो पोरगा हे सगळं अंगावर घेऊनच आला. मी म्हटलं, "आधार कार्डाची झेरॉक्स घ्या आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. द्यावी लागते ती." हे माझ्यावरच उखडले. "आपल्या माणसाची चौकशी करायला लावू? उद्या मठात तोंड कसं दाखवू?" घराला कुलूप लावल्यावर ते चारदा ओढून बघणारा हा माणूस! त्याच्यापुढे मी डोकं फोडून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

परवा भरदुपारी पोलीस आले आणि थेट वर गेले. वर मोबाइलचा ढीग, लॅपटॉप आणि क्रिकेटवरचा सट्टा. विरुपाक्ष हे नावसुद्धा खोटं निघालं. सगळी गल्ली गॅलरीत उभी राहून आमच्याकडे बघत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ठाण्यातले साहेब समजूतदार होते. म्हणाले, माहिती दिली नाही त्याची कारवाई होईलच, पण ते निभावेल. खरा प्रश्न वेगळा आहे. सट्टा चाललाय हे घरमालकाला ठाऊक होतं का? नसेल तर साक्षीदार, असेल तर सहआरोपी.

सहआरोपी! भवानी पेठेत ह्यांचं किराणा दुकान आहे, तिथं मग कोण पाय ठेवणार? मी ह्यांच्या कानात सांगितलं, "जास्त बोलू नका. ओळखपाळख नव्हती, एवढंच सांगा."

ह्यांनी खरंच तसं सांगितलं. महिन्याला भाडं घेत होतो, वर कधी गेलो न्हाय, तो काय करतो ते विचारलं न्हाय. साहेब मान हलवत लिहून घेत होते. माझा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात शिपायानं विरुपाक्षाला आत आणलं. तो सरळ वाकला, ह्यांच्या पायाला हात लावून म्हणाला, "शरणु अण्णा. माझ्यापायी तुमाला लई तरास झाला."

आणि आमच्या ह्यांचा हात त्याच्या डोक्यावर गेला. भर पोलीस ठाण्यात! "ओळ्ळेदागलि," हे म्हणाले. वर विचारतात, "जेवलास काय रे?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काय म्हणाले हे?" त्यांनी शिपायाला विचारलं. शिपाई अक्कलकोटचा. म्हणाला, "भलं होवो म्हणाले, साहेब."

"ताई, तुम्ही बाहेर बसा," साहेब मला म्हणाले. "ह्यांना आता वेळ लागेल."

मी तणतणत उठले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड अगदी भाबडं.

"पाया पडलेल्याला दुसरं काय म्हणायचं असतंय गं?"