सत्तेचाळीस नंबरचं सफरचंद

मित्रांनो, मी एक जुना, एका बाजूला कललेला सफरचंदाचा वृक्ष आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, गव्हाच्या सपाट रानात मी एकटा उभा आहे. वृक्ष शांत असतात असे म्हणतात. मला ते कधीच जमले नाही.

आर्चिबाल्ड टुलोक यांच्या रोपवाटिकेत मी बीपासून उगवलो. बीपासून आलेले सफरचंद सहसा आईबापांवर जात नाही, म्हणून ते दर वर्षी शेकडो बिया पेरत. त्यातून या थंडीत तगेल आणि गोड फळ देईल असे एक तरी झाड निघावे, एवढाच त्यांचा ध्यास. हिवाळा बहुतेक रोपे मारून टाकी. बर्फ वितळला की टुलोक फावडे घेऊन ओळीतून फिरत आणि काळे पडलेले रोप उपटत. फावडे जवळ आले की माझी मुळे आकसत. शेजारचा गेला, पलीकडचा गेला. मी सत्तेचाळीस नंबरचा, तेवढा राहिलो.

"टुलोक, यंदाही सरपणच पिकवलंस का?" शेजारचे शेतकरी ह्नात बोयको कुंपणापलीकडून विचारत.

"मग शेकायला येतोस कशाला?" टुलोक म्हणत.

आठव्या वर्षी मला पहिली कळी आली, पण उशिराच्या गारठ्याने ती जळाली. पुढच्या हिवाळ्यात बर्फ इतका साचला की त्यावर उभ्या राहिलेल्या सशांना माझ्या खोडाची वरच्या भागातली साल सापडली. त्यांनी ती चहूबाजूंनी कुरतडली. सालीतूनच झाडाचा जीव मुळांपर्यंत उतरतो. म्हणजे मी उभ्या उभ्या मेलेला होतो, फक्त मला अजून कळायचे होते.

वसंतात टुलोक आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि फावडे मातीत रोवले.

"थांब," त्यांच्या पत्नी मार्गेट मागून म्हणाल्या. "याच्या डहाळ्या मी बर्फात जपून ठेवल्यात. जखमेवर पूल बांधू."

"नियम म्हणजे नियम, मार्गेट. जे तगत नाही ते उपटायचं."

"थंडीत तगलंय की. सशांनी खाल्लं, त्यात त्याचा काय दोष? आणि नवं बी पेरून आणखी दहा वर्षं थांबशील? त्रेसष्ट वर्षांचा आहेस तू."

टुलोकनी मातीतले फावडे उपसून बाजूला टाकले. मग त्यांनी खिशातला चाकू काढून मार्गेटबाईंच्या हाती दिला. "तूच कर. तुझा हात हलका आहे."

मार्गेटबाईंनी पाच डहाळ्या तासल्या. प्रत्येकीचे एक टोक जखमेच्या खालच्या सालीत आणि दुसरे वरच्या सालीत खोचले, बारीक खिळ्यांनी ठोकले आणि मेण लावले. खिळा शिरताना मी कळवळलो. पुढचे तीन आठवडे टुलोक रोज येत, खोडावर हात ठेवत आणि परत जात. त्यांच्याइतकाच मीही धास्तावलेला होतो. बाविसाव्या दिवशी माझ्या शेंड्याला पान फुटले.

दोन वर्षांनी मला सतरा फळे आली. बोयकोंनी एक चावले आणि देठासकट संपवले.

"सरपण बरं लागतंय," ते म्हणाले. "मला कलमासाठी चार काड्या दे."

टुलोकनी माझ्या काड्या मागेल त्याला दिल्या, ओल्या शेवाळात गुंडाळून दूरदूर धाडल्या. फळाला बायकोचे नाव द्यायचे त्यांच्या मनात होते.

"नको रे बाबा," मार्गेटबाई म्हणाल्या. "अख्खा प्रांत मला चावत बसेल."

म्हणून नाव राहून गेले. पुढे दोघेही गेले. रोपवाटिका नांगरली गेली, ओळीच्या जागी गहू आला. आता माझ्या आडोशाला मोडकी यंत्रे ठेवतात.

गेल्या मार्चमध्ये एक बाई लांबून गाडी चालवत आल्या. त्यांच्या आजोबांच्या परसातले झाड माझ्याच काडीचे होते. ते वाळले, म्हणून आजोबांनी सांगितलेल्या खुणेवरून त्या नव्या काड्या न्यायला आल्या होत्या.

"हे झाड कुणी तयार केलं?" त्यांनी शेताच्या आताच्या मालकाला विचारले.

"कुणी नाही हो. रानात असंच उगवलं असेल."

मी फांद्या हलवल्या. त्यांना वाटले, वारा सुटला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला चैन नाही. मला पाणी नको, कुंपण नको. पण तुम्ही फळ खाता, तेव्हा ते कुणीतरी आयुष्य घालून तुमच्यापर्यंत आणलेले असते. ते कोण होते, हे विचारा. आणि कुठेतरी लिहून ठेवा: आर्चिबाल्ड टुलोक आणि मार्गेट टुलोक. मला लिहिता येत नाही.