धाकटीची वाट पाहणारा रकाना

मी आहे एक जुना, चार बोटे रुंद रकाना. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या एका बाईंच्या ब्लॉगवर, प्रत्येक लेखाच्या तळाशी माझी जागा. 'या लेखाविषयी तुमच्या ब्लॉगवर लिहिले असेल, तर त्याची लिंक इथे चिकटवा,' असे माझ्या डोक्यावर लिहिलेले आहे. मित्रांनो, हल्ली एका ब्लॉगवरून दुसऱ्या ब्लॉगला असे निरोप आपोआप जातात म्हणे. माझ्याकडे मात्र माणसाला स्वतः यावे लागते.

सर्वांत जास्त वेळा आली ती बाईंची धाकटी बहीण. तीही परगावी खुर्च्याच विणी. वडिलांच्या दुकानावरून दोघींचे बिनसले, ते बोलणेच बंद झाले. पण बाईंनी 'वेत तासभर भिजवावा' असे लिहिले, की धाकटी आपल्या ब्लॉगवर लिही, 'ताईचे ऐकाल तर खुर्चीचा झोपाळा होईल!' आणि लिंक माझ्यात चिकटवून जाई.

"आली बघा शहाणी!" बाई खुदकन हसत.

"मग फोन कर की तिला," त्यांचे यजमान म्हणत.

"मीच का? ती करते का?"

त्या हसण्याचा मला केवढा अभिमान वाटे!

पुढे धाकटी यायची थांबली. माझ्यात नुसता जाहिरातींचा कचरा साचू लागला.

"आई, काढून टाकू का हा रकाना?" मुलीने विचारले.

"राहू दे गं. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात."

बाई रोज मला उघडून पाहत. एकदा त्यांनी मुद्दाम लिहिले, 'वेत आठवडाभर भिजवावा.' आता तरी ती चिडून येईल, असे मलाही वाटले. नाही आली. शेवटी बाईंनी माझ्यासमोर बसूनच फोन लावला.

"ताई? अगं, आठवडाभर? वेत कुजेल की!"

"म्हणजे वाचतेस तू! मग कळवलं का नाहीस?"

"बोटं वळत नाहीत गं आता. वाचते सगळं. लिहू कशी?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

आता दोघी फोनवर मनसोक्त भांडतात. मी रिकामाच असतो. त्यांचे जुळले याचा आनंद आहे, अगदी मनापासून. तरी संगणक सुरू झाला की माझा जीव उगाच वर-खाली होतो.

मित्रांनो, कुणाचे लिहिणे आवडले किंवा खटकले, तर त्याला आपल्या हाताने कळवा. आणि नेहमी कळवणारे माणूस एकाएकी गप्प झाले, तर ते रुसले असे धरून बसू नका. आधी विचारा, बरे आहे ना?