मी ओबेसिटी, मुक्काम कोल्हापूर

मी 'ओबेसिटी' बोलतेय. दचकू नका, मी नुसता शब्द आहे. माझं स्वतःचं वजन शून्य!

माझा जन्म लॅटिनमधला. 'खाणे' या क्रियापदाच्या पोटी मी आले. खाऊन खाऊन गलेलठ्ठ होणं, एवढाच माझा अर्थ. गंमत म्हणजे माझ्या मूळ शब्दाला पूर्वी 'झिजलेला, हडकुळा' असाही अर्थ होता. तो वाटेत गळाला. पुढे फ्रेंच, मग इंग्रजी असं करत मी डॉक्टरांच्या तोंडी बसले आणि कोल्हापुरात पोचले.

पण इथं मला विचारतो कोण? पोट सुटलं की इथं 'तब्येत झाली' म्हणतात.

ऋतुराज पैलवानाची कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. तालमीत तो पोरांना डाव शिकवायचा; आता गुडघाच वाकेना. डॉक्टर म्हणाले, "ओबेसिटी आहे. वजन उतरवा, नाहीतर मातीत उतरणं विसरा."

घरी आईनं, तानाबाईंनी, विचारलं, "ही कुठली बया?"

"जाडी गं आई," धाकटी बहीण श्रुती हसली.

"जाडी? अंगानं भरलाय त्यो! त्या डाक्टरचीच नजर लागली. सोता बघ, नुसता काडी पैलवान!"

आणि तांबड्या रश्शाची वाटी पुन्हा भरली. वाढणाऱ्याला इथं 'नको' ऐकूच येत नाही. दुसऱ्यांच्या पोरांना 'जाड्या' म्हणून चिडवायचं आणि आपल्याच्या ताटात चौथी भाकरी टाकायची, ही कुठली रीत? एवढ्या भाषा फिरले, पण एका पळीपुढं हरले.

रविवारी मात्र ऋतुराजनं ताटावर आडवा हात धरला. पळी हवेतच थांबली.

"माझ्या हातचं नगं झालं व्हय?"

"तसं न्हाय गं. पोरांना शिकवायचं हाय मला. गुडघा गेला तर काठावर बसून नुसतं वरडू काय?"

तानाबाईंनी पळी पातेल्यात ठेवली.

"उद्यापास्नं रंकाळ्याला फेरी मार. मी बी येते. एकटा गेलास तर वाटंत मिसळ खाऊन येशील."

सध्या मी याच घरात आहे. मला इथून हाकललंत तर रुसणार नाही, उलट लवकर हाकला. फक्त एक करा. दवाखान्यात मला बिनधास्त उच्चारा, पण रस्त्यात कुणाच्या पाठीवर फेकू नका. कुणी किती मायेनं वाढलं होतं, ते माझ्या अर्थात कुठंच लिहिलेलं नाही.