वस्तीवरचा हिरवा पट्टा

घोडेगावच्या शमशेर शेखला सगळा भाग 'नेटवाला' म्हणून ओळखायचा आणि ते नाव त्याला मनापासून आवडायचं. आधी तो टीव्हीच्या छत्र्या बसवायचा. मग लोकांचा टीव्ही मोबाईलमध्ये शिरला, तसं शमशेरने आपलं कसब तिकडे वळवलं. गावातल्या पाण्याच्या टाकीवर एक डिश, लांबच्या वस्तीवर एखाद्या उंच घराच्या स्लॅबवर दुसरी, दोघींची तोंडं समोरासमोर, आणि मधल्या हवेतून इंटरनेट. मोठ्या कंपन्यांनी ज्या वस्त्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तिथे हा पठ्ठ्या मोटारसायकलला शिडी बांधून पोचायचा. धंद्याचा रिवाज एकच होता. ज्याच्या घरावर खांब, त्या घराला नेट फुकट, आणि त्या घरचा चहा शमशेरला फुकट.

भिमाजीकाकांची वस्ती सगळ्यात लांब, चौदा किलोमीटरवर. डिसेंबरात तिथे खांब उभा केला, पण सिग्नल धड टिकेना. तेव्हा शमशेरने या धंद्यातले बरेच जण करतात तेच केलं. रेडिओच्या सेटिंगमध्ये देशांची यादी असते. आपला देश निवडला की रेडिओ आपल्या नियमाने वागतो, ठरल्यापेक्षा जास्त ताकद लावत नाही. यादीतला दुसरा एखादा सैल नियमांचा देश निवडला की त्याला मोकळं रान. याला 'बाहेरचा देश लावणं' म्हणतात आणि हे सांगताना कुणी आवाजसुद्धा खाली करत नाही. शमशेरने जो देश लावला, तो त्याने नकाशात कधी शोधलाही नव्हता. पण सिग्नल असा आला की वस्तीवरची पोरंसोरं ओरडत सुटली.

"काकू, तुमची वस्ती आता परदेशात गेली बरं का," तो भिमाजीकाकांच्या बायकोला, मनकर्णाकाकूंना म्हणाला. काकू इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

त्याच दुपारी त्याने काकूंना मोबाईलवर हवामानाचं चित्र बघायला शिकवलं. पूर्वेच्या डोंगरावर सरकारने नवं रडार बसवलं होतं. त्याचं चित्र दर थोड्या वेळाने बदलायचं. "हिरवं दिसलं की पाऊस, पिवळं की जोराचा, लाल की गारा. हा ठिपका म्हंजे आपली वस्ती," एवढंच त्याने सांगितलं. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या, पण चित्र त्यांना असं काही कळलं की आठ दिवसांत आजूबाजूच्या बायका "काकू, वाळवण घालू का?" असं विचारून मगच पापड बाहेर काढू लागल्या. साठीला आलेल्या बाईला नवीन काही आलं की तिच्या चालण्यातही फरक पडतो. शमशेरला तो दिसायचा आणि बरं वाटायचं.

मार्चमध्ये भिमाजीकाकांनी कांदा काढला. एकरभर कांदा रानात पातीखाली सुकत पडलेला. काकूंनी सकाळीच चित्र पाहिलं, वस्तीवर हिरवा पट्टा. सगळ्यांनी धावाधाव करून ताडपत्र्या टाकल्या. दिवसभर ऊन. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा भिमाजीकाकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर काकूंची टर उडवली, "आमच्या घरात हवामानखातं हाय, पर पाऊस त्यास्नी इचारत न्हाई!" सगळे हसले. शमशेरही तिथे होता, तोही हसला.

चौथ्यांदा पट्टा हिरवा नव्हता. त्यात पिवळं होतं आणि पिवळ्यात लाल. काकूंनी पाहिलं आणि मोबाईल पालथा ठेवला. कोण पुन्हा हसं करून घेणार? संध्याकाळी अर्धा तास गारा पडल्या. कांदा जागेवर सडला. आणि मनकर्णाकाकूंनी मोबाईल देवळीत ठेवला तो पुन्हा हातात घेतला नाही.

एप्रिलच्या शेवटी भिमाजीकाकांचा फोन आला. "शमशेर, वस्तीवर सरकारी जीप आलीया. टपावर अँटिना हायत. तुज्या खांबाकडं बोट करून बोलत्यात. बिगीनं ये."

शमशेर पोचला तेव्हा स्लॅबवर एक चाळिशीतल्या बाई लॅपटॉप उघडून उभ्या होत्या. वायरलेस खात्याच्या आरती मॅडम. काका चहा टाकायला सांगायला खाली गेले आणि मॅडमनी लॅपटॉप शमशेरकडे वळवला. हवामानाचंच चित्र होतं. मधोमध रडार, आणि तिथून निघून वस्तीवरून पार पुढे गेलेला एक सरळ हिरवा पट्टा.

"सरळ रेषेत पाऊस पडताना पाहिलाय कधी?" मॅडमनी विचारलं. "हा पाऊस नाही. ही तुमची डिश आहे."

शमशेरने पट्ट्यावर बोट ठेवून वस्तीचा ठिपका शोधला.

"रडार लहरी सोडतं आणि ढगावर आपटून परत आलेल्या लहरी ऐकतं. तुमचा रेडिओ त्याच लहरींवर, दुप्पट-तिप्पट ताकदीने बोलतोय. रडारला वाटतं, तिकडे पाऊस आहे. आपल्या देशाचं सेटिंग असतं तर रडार ऐकू आल्यावर हा रेडिओ आपणहून बाजूला झाला असता. कुठला देश लावलाय?"

शमशेरने नाव सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्याला जरा राग आला, कारण राग आला की लाज थोडी कमी वाटते.

"मॅडम, इथं मोठ्या कंपनीचा टॉवर येत नाही. आम्ही येतो. आमच्या हातात एवढीशी डिश, तीही तुम्ही हळू बोलायला लावता. मग लांबच्या माणसाने काय करायचं?"

"तुमचं म्हणणं खोटं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच या लहरींना परवाना माफ केलाय, तुमच्यासारख्यांना कागद नाचवावे लागू नयेत म्हणून. पण माफीला एक अट आहे. तुमच्यामुळे दुसऱ्याचं काम अडता कामा नये. हवेला कुंपण घालता येत नाही, मग ज्याने त्याने आपला आवाज सांभाळायचा. आठ दिवस देते. पुढच्या वेळी डिश घेऊन जाईन."

"कधीपासून दिसतोय हा पट्टा?"

"डिसेंबरपासून. कधी असतो, कधी नसतो. तुमच्या लाइनवर गर्दी झाली की जास्त."

डिसेंबर. शमशेरने स्लॅबच्या कडेशी जाऊन वाकून पाहिलं. खाली अंगणात भिमाजीकाका चहाची किटली घेऊन उभे होते. पूर्वी चहा काकू आणायच्या आणि सोबत आभाळाची खबरही. आता त्या ओट्यावर पाठमोऱ्या बसून डाळ निवडत होत्या.

जीप गेल्यावर काकांनी विचारलं, "काय म्हनत हुत्या बाई?"

"काय नाही. सेटिंग बदलायला सांगितलं," शमशेर म्हणाला. हे खोटं नव्हतं. पण घरी जाताना त्याला ते खोट्याहून जड वाटत राहिलं.

त्याने त्याच दिवशी आपला देश लावला. ताकद उतरली आणि वस्तीचं नेट गेलं. नऊ दिवस लोकांनी फोनवरून त्याचा उद्धार केला. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं आजीआजोबांकडे होती, त्यांची आईबापांशी संध्याकाळची गाठभेट बंद पडली. त्या पोरांचे फोन त्याला सगळ्यात जास्त टोचले. शेवटी गाव आणि वस्तीच्या बरोबर मध्यावर अजिनाथ मास्तरांच्या घरावर त्याने आणखी एक खांब उभा केला. एकाने मोठ्याने ओरडण्यापेक्षा दोघांनी हळू बोलायचं, असा तो हिशेब. काम दुप्पट, पण सिग्नल बिनतक्रार आला. हे डिसेंबरातच करता आलं असतं. तेव्हा एका बोटात काम भागत होतं, म्हणून केलं नाही, एवढीच त्यातली खरी गोष्ट.

नेट आल्यावर चार दिवसांनी तो वस्तीवर डिशचं तोंड तपासायला गेला. मनात म्हणत होता, आता पट्टा गेला, रडार नीट झालं, कुणाला काही कळायची गरज नाही. काम संपवून खाली उतरला तर भिमाजीकाका बाजेवर बसून मोबाईल बघत होते.

"आता हवामानखातं म्या घेतलंय," काका मिशीत हसत म्हणाले. "आन् बघ, माज्या हातात आल्यापासनं पट्टा गायब! चित्र कसं लख्ख. म्हंजे चित्रात काय खोट न्हवती. हिलाच बघता येत न्हवतं."

ओट्यावर काकूंचा हात डाळीत थांबला. मग हात पुन्हा चालू लागला, तेवढंच.

शमशेरने मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली होती. निघाला असता तर कुणी अडवलं नसतं. काकांची चेष्टा उद्या विसरली गेली असती, काकूंनी उरलेलं आयुष्य स्वतःला अडाणी समजून काढलं असतं आणि शमशेरचा फुकटचा चहा चालू राहिला असता. त्याने किल्ली परत खिशात टाकली.

"काका, पट्टा तुमच्या हातानं गेला नाही," तो म्हणाला. "तो माझा होता."

मग त्याने सगळं सांगितलं. बाहेरचा देश, ताकद, रडार, डिसेंबर. सांगताना तो काकांकडे बघून बोलत होता, कारण काकूंकडे बघायची हिंमत नव्हती. "तुमच्या वस्तीवर पाऊस नव्हता तेव्हा जो सरळसोट पट्टा दिसला, तो माझ्या डिशनं काढलेला. काकूंना शिकवलं मीच आणि फसवलंही मीच."

भिमाजीकाका बाजेवरून उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "उतरव तुजा खांब. आत्ताच्या आत्ता."

शमशेर मुकाट्याने शिडीकडे वळला. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"थांब रं." मनकर्णाकाकू उठून उभ्या राहिल्या होत्या. सूप तसंच खाली ठेवलेलं. "म्हंजे म्या जे बघितलं, ते चित्रात हुतं?"

"होतं, काकू."

"तिन्ही डावाला?"

"तिन्ही डावाला."

"आन् शेवटच्या दिशी लाल दिसलं ते?"

"ते खरं होतं. तुम्ही बरोबर वाचलं होतं."

काकूंनी हाताला लागलेली डाळ झटकली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मला वाचता येत हुतं." आणि त्यांचे डोळे भरून आले. "कांदं गेलं ते गेलं, शमशेर. पर दीड महिना झाला, म्या ह्यांच्या नजरंला नजर दिली न्हाई. जेवताना सुदिक वाटायचं, ह्या घराचं वाटुळं म्याच केलं. त्याचं काय करशील तू?"

शमशेर मान खाली घालून उभा राहिला. माफी मागायचे शब्द त्याला पाठ होते, पण तिथे ते फार किरकोळ वाटले असते.

भिमाजीकाका शिडीकडे बघत होते, मग काकूंकडे, मग हातातल्या मोबाईलकडे. खांबाचं बोलणं त्यांनी पुन्हा काढलं नाही. अंगण ओलांडून ते ओट्यापाशी गेले आणि मोबाईल काकूंच्या पुढे धरला.

"धर," ते म्हणाले. "बघ, आज काय म्हनतंय."

काकूंनी पदराने हात पुसला, डोळे पुसले आणि मोबाईल घेतला. चित्र लांब धरून बघितलं, जवळ आणून बघितलं. वर आभाळ निळंशार होतं. ऊन असं की अंगणात पाय ठरत नव्हता.

"राहुरीकडनं येतंय," त्या म्हणाल्या. "हिरवं हाय, मधी पिवळं हाय. सरळ न्हाई, पसरलेलं हाय. दोन तासात हितं ईल."

अंगणाच्या कडेला जनावरांचा कडबा उघडा रचलेला होता. भिमाजीकाकांनी एकदाही वर आभाळाकडे पाहिलं नाही. ते तडक पडवीत गेले आणि ताडपत्री ओढून बाहेर घेऊन आले.

"बघत काय ऱ्हायलास?" ते शमशेरवर खेकसले. "धर दुसरं टोक."

शमशेरने धावत जाऊन टोक धरलं.