नमुन्याची हिरवळ

"थोडं घाल, पण रोज घाल, बाय. झाडाला तहान लागायची वाट बघू नको."

अब्बांचा हा आवाज कुबराच्या कानात असा मुरला होता की पाण्याचा पाइप हातात घेतला की तो आपोआप ऐकू यायचा. श्रीवर्धनला त्यांची सुपारीची बाग होती. पहाटेची फजरची नमाज झाली, कुराणाचं पान वाचून झालं, की अब्बा शिपणं काढायला, झाडांना पाणी घालायला, उतरायचे आणि लहानगी कुबरा त्यांच्यामागून एकेका आळ्याशी थांबत फिरायची. अब्बा गेले, बाग भावांकडे गेली. कुबराचं लग्न नदीमशी झालं आणि नदीम लग्नाची मेंदी उतरायच्या आत सौदीला परत गेला.

त्यानंतरची किती वर्षं तिनं टपालाच्या पाकिटांवर काढली, ते तिचं तिला ठाऊक. नदीम वर्षाआड महिनाभरासाठी यायचा. पहिला आठवडा दोघं एकमेकांना बुजायची, मधले दिवस बरे जायचे आणि शेवटचा आठवडा बॅगा भरण्यात सरायचा. सासू म्हणायची, "आमच्या कोकणातल्या बायांचे नवरे भिंतीवरच्या फोटोतच शोभतात गो." कुबरा हसायची. कुणाशी भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं. सोमवार-गुरुवारचा रोजा धरायची, रोज पहाटे कुराणातली यासीन पढायची आणि अल्लाकडे एकच गोष्ट मागायची. आम्हाला एका छपराखाली ठेव.

ती मागणी पुरी झाली ती एका भलत्याच गोष्टीमुळे. गोल्फमुळे.

नदीम कतीफजवळच्या एका गावच्या बलदियात, म्हणजे नगरपालिकेत, रोपवाटिकेचा मुकादम होता. बलदियाचा इंजिनिअर हाशम. लहानपणी त्यानं तेलकंपनीच्या वसाहतीचं गोल्फचं मैदान तारेच्या कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. वाळूचंच मैदान, वर तेल शिंपडून दाबलेली वाळू, पण आत जायची सोय नव्हती. तेव्हापासून त्याच्या डोक्यात होतं, की एक मैदान असावं, हिरव्या गवताचं, ज्याला फाटकच नसेल. सांडपाणी शुद्ध करून त्यावर गवत वाढवायचं, गावातला कोळी असो की खजूरवाला, संध्याकाळी येऊन चेंडू मारू दे. बलदियानं नकाशा केला. रियाधच्या साहेबांनी सांगितलं, आधी नमुना दाखवा. या खाऱ्या जमिनीत एक तुकडा हिरवळ वर्षभर जगवा, वसंतात आमची समिती येईल, गवत जिवंत दिसलं तर बजेटमध्ये पैसा घालू.

नमुन्याचा तुकडा रोपवाटिकेच्या भिंतीच्या आत, मुकादमाच्या दोन खोल्यांसमोर लावायचा ठरला. राखायला चोवीस तास माणूस हवं म्हणून नदीमला कुटुंब आणायची परवानगी मिळाली. म्हणजे कुबराचा इकामा, तिथं राहायचा परवाना, त्या गवताच्या मुळांना बांधलेला होता, असं म्हटलं तरी चालेल.

गवत परदेशातून आलं, थंड गाडीतून, गालिच्यासारखं गुंडाळून. नदीमनं एक वळकटी उलगडली आणि कुबरानं तोंडावर पदर धरला.

"अगो, हसायला काय झालं?"

"ही हरळी आहे! अब्बा आयुष्यभर ही उपटत बसले."

नदीमचा दोस्त गफूर तिथंच उभा होता. म्हसळ्याचा, प्लंबर, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. तो म्हणाला, "वहिनी, हळू बोला. साहेबानं ऐकलं तर म्हसळ्याहून जहाज भरून मागवेल, आणि उपटायचं काम माझ्या आईवर येईल. आणि नदीम, एवढ्या जमिनीत हे लोक खेळणार काय, तर विटीदांडू. तोही धावायचं नाही, राज्य घ्यायचं नाही!"

कुबराला शेजार मिळाला उम्म अलीचा. भिंतीपलीकडे तिची खजुराची बाग होती. नवरा वारलेला, मुलगा अली दम्मामला नोकरीला. म्हातारी पहाटेपासून बागेत असायची. कुबराची अरबी मोडकीतोडकी, म्हातारीला उर्दूचा गंध नाही, तरी दोघींचं जमलं. कुबरा तांदळाच्या भाकऱ्या द्यायची, पलीकडून खजूर यायचे. ती म्हातारीला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, आणि म्हातारी तिला या बिन्ती, पोरी गो.

जुलैअखेर नदीम आणि इंजिनिअर हाशम फायली घेऊन रियाधला गेले. तिथल्या अल मलाझ वस्तीत ओळखीच्या घरी उतरणार, ऑफिसांचे उंबरठे झिजवणार आणि काम झालं की परतणार. जाताना नदीमनं दोनदा बजावलं, "मोटार लावलीस की पाणी भरपूर सोड. तुकडा बुडाला पाहिजे, वाहून चरात गेलं पाहिजे. घाबरू नको."

कुबरानं मान हलवली. पण मोटार सुरू झाली, पाणी गवतावरून ओसंडून चरात धो धो जायला लागलं, आणि तिचं काळीज हललं. वाळवंटात एवढं पाणी वाया? नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करतानाही ओंजळीपेक्षा जास्त घेऊ नये असं शिकलेली बाई ती. तिनं मोटार बंद केली. दुसऱ्या दिवसापासून पाइप घेऊन, बिस्मिल्ला म्हणून, सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, असं हातानं शिंपू लागली. गवत ओलं दिसायचं, तिला समाधान वाटायचं.

मग एके सकाळी गवतावर पांढरी साय आली. तिला वाटलं, धूळ असेल. बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ! चार दिवसांत कडेचं गवत पिवळं पडलं, मग तांबूस, मग पायाखाली कुरकुरायला लागलं.

त्याच दिवसांत इराकनं कुवेत घेतलं. रस्त्यावरून उत्तरेच्या गाड्या यायला लागल्या, टपावर गाद्या, आत बायकापोरं. कुबरा गवतापाशी बसून रडत होती. उम्म अलीला वाटलं, लढाईच्या भीतीनं रडते. ती भिंतीला पडलेल्या खिंडारातून आत आली, गवत पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मिल्ह! मीठ! पोरी, तू ह्याला पाणी दिलं नाहीस, चाटवलंस. पाणी थोडं असलं की ऊन ते वर ओढतं आणि पाण्याबरोबर मीठ वर येतं. आमची जमीन अशी नाही ऐकत. तिला न्हाऊ घालावं लागतं. बुडव आणि सोड. बुडव आणि सोड."

"आमच्याकडे तर थोडं थोडं..."

"तुमच्याकडे आभाळ न्हाऊ घालतं," म्हातारी म्हणाली. मग स्वतःच खोरं घेऊन बांध घालायला लागली.

नदीम परतला तेव्हा दोघी चिखलात गुडघ्यापर्यंत उभ्या होत्या. कुबरानं सगळं सांगितलं, खाली मान घालून. नदीम पँट दुमडून चिखलात उतरला. "मीच अख्खं कारण सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

अर्धा तुकडा वाचला. पण रियाधची बातमी बरी नव्हती. इंजिनिअर हाशम स्वतः येऊन गवताच्या कडेला उकिडवा बसला.

"पैसा आता लष्कराला जाणार, निर्वासितांना जाणार. जायलाच हवा. पण फाइल बंद नाही केली त्यांनी. साहेब म्हणाले, वसंतात लढाई नसेल तर समिती पाठवतो. गवत असलं तर बोलू. नसलं तर खलास."

खलास या शब्दाचा अर्थ कुबराला कुणी समजावून द्यायला नको होता. मैदान गेलं की मुकादमाच्या खोल्या गेल्या, तिचा इकामा गेला. पुन्हा पाकिटं, पुन्हा वर्षाआडचा महिना.

थंडीच्या तोंडाशी बलदियाची माणसं मोटार न्यायला आली. शाळेत उतरवलेल्या कुवेती कुटुंबांना पाणी चढवायचं होतं. नदीम दारात घुटमळला. कुबरानं आतून हाक मारली, "देऊन टाका. तिथं पोरं आहेत." गफूर नळजोडण्या सोडवता सोडवता म्हणाला, "वहिनी, तुमचं मन मोठं, पण गवताला मनानं पाणी नाय मिळत." बोलला खरा, पण जाताना एक जुना पाइप मुद्दाम विसरून गेला.

उरली उम्म अलीची पाळी. तिकडे एका जुन्या विहिरीचं पाणी पाटानं बागांना वाटलेलं असे. ज्याची पाळी त्यानं आपला मोघा, पाटाचं आपल्या बागेकडचं तोंड, उघडायचा, आणि ज्यानं उघडला नाही त्याचं पाणी पुढच्याला. उम्म अली आपल्या पाळीतलं उरलेलं पाणी भिंतीच्या खिंडारातून गवतावर सोडायची. गवत फिकं पडलं, पण मुळं धरून राहिलं.

जानेवारीत अली आईला न्यायला आला. दक्षिणेकडच्या हसा भागात तिच्या बहिणीकडे पोचवायचं होतं, लढाई तोंडावर आली म्हणून. म्हातारी तयार होईना. हिवाळ्याआधी तिनं खजुराचे फुटवे आईझाडापासून तोडून नव्यानं लावले होते. त्यांनी अजून जमीन धरली नव्हती. ती गाडीत बसली, पुन्हा उतरली, कुबराचा हात धरला.

"माझी पाळी तू घे. पण आधी त्यांना. पोट भरून. मग उरेल ते तुझ्या गवताला. वचन दे."

"वचन, खाला."

"इन्शाअल्ला म्हण."

"इन्शाअल्ला."

"असं नको. लोक न करायच्या कामाला म्हणतात, तसं नको. नीट म्हण."

अली हसला. कुबरानं नीट म्हटलं.

लढाई सुरू झाली. भोंगे वाजले, आभाळ हादरलं. नदीमनं खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. दाराखालच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. बॉम्बमधून विषारी वायू सुटतो, असं सगळे म्हणत होते. दिवसा नदीम शाळेतल्या निर्वासितांच्या कामावर जायचा. रजबचा महिना लागला होता, पुढच्या सोमवारी कुबराचा रोजा होता आणि त्याच दिवशी असरनंतर, दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर, उम्म अलीची पाळी होती.

त्या सोमवारी दुपारी गफूर सांगत आला, की वरच्या अंगाचा विहीरवाला पळून गेला आहे, पंप बंद आहे, पाटाला आहे ते आपसूक झिरपणारं पाणी. करंगळीएवढी धार.

नदीम गवतापाशी गेला, माती उकरून पाहिली. पांढरी साय पुन्हा धरत होती. "ही पाळी चुकली तर वसंतात फुटणार नाही," तो म्हणाला.

"मग गवताला सोडा की!" गफूर म्हणाला. "वहिनी, खजूर म्हणजे झाडातला उंट. आठ-पंधरा दिवसांनी काय मरत नाय. म्हातारी हसाला बसली आहे, इथं बघायला येणार आहे? आणि फुटवे मेले तर म्हणायचं, लढाईत मेले. लढाईत माणसं मरतात."

"फुटवा उंट नसतो, गफूरभाई. फुटवा तान्हा असतो," कुबरा म्हणाली.

"बरं, अर्धं-अर्धं करा."

"अर्ध्यानं दोन्हीकडे मीठच वर येईल. ते मी एकदा करून बसले आहे."

गफूर डोकं खाजवत मोटारसायकलीकडे गेला.

नदीम उंबऱ्यावर बसला होता. त्याला शाळेवर परतायचं होतं, पण उठवत नव्हतं. कुबरा त्याच्याजवळ टेकली. आत दोघांच्या दोन बश्या पालथ्या घातलेल्या होत्या, खुंटीला त्याचा सदरा आणि तिचा दुपट्टा एकावर एक लटकत होते. तिनं एकदा आत पाहिलं आणि डोळे वळवले.

"कुबरा," तो म्हणाला, "गवत गेलं तर तुला जावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मी नको म्हणणार नाही. हो पण म्हणवत नाही गो."

"तुम्ही काही म्हणू नका. इंजिनिअरसाहेबांना मात्र मीच सांगेन. तुमच्यावर नको यायला." तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. "मी तिचा हात धरून म्हटलं होतं."

नदीमनं तिच्याकडे पाहिलं. मग उठून त्यानं कोपऱ्यातलं खोरं आणलं, दांडा हलत होता तो पाचर ठोकून घट्ट केला आणि खोरं तिच्या हातात दिलं. "भोंगा वाजला तर पाटातच आडवी हो. इकडे धावत येऊ नको." आणि तो गाडीकडे गेला.

असरची अजान झाली. कुबरानं नमाज पढली, मुसल्ला घडी करून ठेवला. अबाया चढवला, ओला टॉवेल गळ्याभोवती घेतला, पायातल्या चपला काढून हातात धरल्या. दूर कुठंतरी विमानं घरघरत होती. फिकट गवताला वळसा घालून ती भिंतीच्या खिंडारापाशी आली आणि खोरं आधी पलीकडे टाकून, कपडे सावरत, उम्म अलीच्या बागेत उतरली.