पट्ट्या उपटलेली गिटार

दत्ताभाऊंनी पंखा बंद केला, दाराला आतून कडी घातली आणि खिडकीही लोटून घेतली. मे महिन्याची दुपार. रोह्यातल्या भाताच्या गिरणीमागची ती खोली बघता बघता तापली. मांडीवर बेस गिटार घेऊन सरू स्टुलावर बसली होती. कडी वाजली तशी तिनं गिटार आणखी जवळ ओढून घेतली.

“बस गो निवांत,” भाऊ म्हणाले. “घाई नाय.”

घाई नाही म्हणणारा माणूस एवढी दारं कशाला लावतो?

तशी तिला दत्ताभाऊंची भीती नव्हती. पलीकडे वहिनी तांदूळ निवडत होत्या, मघाशी त्यांनीच ताक दिलं होतं. भीती होती ती त्यांच्यातल्या ऑर्केस्ट्राच्या मालकाची. ना ढोलकीवाला आला होता, ना गायक. फक्त निकेश आणि मुंबईहून आणलेला त्याचा नवा कीबोर्ड. एरवी “सरूताई, बाप्पाची सोंड पुसून आलीस का?” असं चिडवल्याशिवाय ज्याला चैन पडत नसे, तो आज खाली मान घालून वायरीशी खेळत होता.

अलिबागपासून महाडपर्यंत बेसवाल्यांना नारळ मिळत होता. कीबोर्डवाल्याचा डावा हात त्यांचं काम उरकत होता. रेवदंड्याचा दिनानाथ, ज्याच्या बेसवर लग्नातल्या म्हाताऱ्यासुद्धा ठेका धरायच्या, तो आता त्याच लग्नांत जनरेटर सांभाळत होता.

“नवी गाणी थाप मागतात गो,” शिमग्यात भाऊ म्हणाले होते. “अंगठ्यानं तार बडवायची, बोटानं उचलून सोडायची. ते जमलं तर बेस ठेवू. नायतर कशाला?”

ते ‘नायतर’ तेव्हापासून सरूच्या उशाशी होतं. हमरापूरच्या कारखान्यात दिवसभर गणपतींचे हात रंगवायचे आणि घरी येऊन तारेवर अंगठा झिजवायचा. कातडी सोलवटली. कोणी विचारलंच तर रंग लागलाय म्हणायची. तांबडा रंग तिथं कोणाला नवा नव्हता.

त्यात ही गिटार. धाकटा भाऊ जनू दुबईला जाताना टाकून गेलेली. घर धरमतरच्या खाडीला लागून. खाऱ्या हवेनं गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या गंजल्या, तारा खायला लागल्या. तेव्हा सरूनं पकडीनं त्या एकेक उपटल्या, मूर्तीच्या भेगा भरतात तशा खाचा लांबीनं भरल्या, घासून वर वार्निश मारलं. असल्या गिटारीला फ्रेटलेस म्हणतात आणि मुंबईत लोक ती मुद्दाम तशी घेतात, हे निकेशनं सांगेपर्यंत ती आपली मोडकी वस्तू म्हणून ओशाळूनच वाजवत होती.

पट्टी असली की बोट थोडं चुकलं तरी पट्टी सांभाळून घेते. इथं सांभाळणारं कोणी नाही. हळू वाजवताना निसटलेला सूर सावरता तरी येतो. थाप मारली की तो जिथं पडला तिथं पडला.

“एकेक सूर,” भाऊ म्हणाले. “एकच थाप, आणि आवाज विरेपर्यंत हलायचं नाय. खालपासून वर.”

“गाणं नको?”

“गाणं मागाहून.”

निकेशनं तिच्या गिटारीची वायर स्वतःच्या कीबोर्डात खुपसली. परीक्षा, सरूला वाटलं. सूर कच्चा आहे का ते मशीन सांगणार.

तिनं अंगठा आपटला. ओल्या मडक्यावर थाप पडावी तसा आवाज उठला, गोल, लाकडी. धातूची खडखड नाही. विरेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही. मग पुढचा. बोटाखाली घाम. घामावरून बोट केसभर सरकलं असतं तरी सगळं संपलं असतं. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या कपाळावर आठी पडते का, तेवढंच ती बघत होती.

आठी पडली नाही. “वा गो पोरी!” ते म्हणाले, आणि सरूची पाठ कित्येक दिवसांनी सैल झाली. जमलं. राहिलो आपण.

तेवढ्यात निकेशनं कीबोर्डची एक पट्टी दाबली.

थाप उमटली. तिचीच. ओल्या मडक्याची. सरूनं अंगठ्याकडे बघितलं. तो मांडीवर होता.

“तुझाच हाय,” भाऊ खुशीत म्हणाले. “आत भरून घेतला. आता निकेश कुठंपण वाजवंल. तुला पेणवरनं धडपडत यायला नको. आणि दर कार्यक्रमाला माईकवर तुझं नाव घेणार, शब्द हाय माझा.”

नाव. स्टेजवर ती मागं अंधारात उभी असायची, नाव कोणाला ठाऊक नव्हतंच. पण तार बडवली की पुढच्या रांगेतल्या बायांचे हात आपसूक छातीशी जायचे. ते तिला तिथून दिसायचं.

“एकच राहिला,” निकेश म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं वर बघितलं. मग अगदी हळू, “ताई, या सुराबिगर एक गाणं पुरं व्हत नाय.”

सरूला कळलं. तिनं बोट तांदळाच्या दाण्याएवढं मागं घेतलं आणि थाप मारली.

“मस्त!” भाऊ उठून कडी काढायला गेले.

निकेशचे कान लाल झाले. चुकलेला सूर त्यानं तसाच राहू दिला. हा सूर असाच आत राहिला की प्रत्येक गाणं तिथं येऊन लंगडणार, आणि भाऊ पुन्हा माणूस पाठवून तिला बोलावणार. तिनं गिटार चादरीत गुंडाळली, वहिनींना हाक मारून येते म्हणाली, चपला घातल्या.

मागं निकेशनं तो सूर एकदा वाजवून बघितला. तिच्याच अंगठ्याचा, तिच्याच लाकडाचा, आणि वाकडा.

सरू उंबऱ्यात थांबली.

“भाऊ, शेवटचा उतरलाय.”

“मला तर बरा वाटला गो.”

“उतरलाय.” तिनं चपला काढल्या. स्टुलावर बसून ती चादरीची गाठ सोडू लागली. “पुसून टाक रे तो. परत घे.”

निकेशचं बोट बटणावर होतं. ते खाली जायला बराच वेळ लागला.