दोन प्रमाणपत्रं

क्रियापदबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं, पण बाईंना ते आवडायचं. तेरा वर्षं त्या एकाच शाळेत इंग्रजी शिकवत होत्या, आणि तेराही वर्षं हंगामी. कायम करण्याचा विषय काढला की मुख्याध्यापक म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. अडतिसावं सरत आलं तसं बाईंनी ठरवलं, परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचं.

त्यासाठी प्रमाणपत्र हवं होतं. एक घरबसल्या कॉम्प्युटरवर मिळत होतं. दुसऱ्यासाठी महिनाभर दिवसभर जायचं, खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि मागे प्रशिक्षक वही घेऊन बसणार. बाईंचा ओढा दुसऱ्याकडे होता. पण वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना दिवसभर कोणाच्या भरवशावर सोडायचं? धाकटा भाऊ म्हणाला, कागद तो कागद, तिकडे कोण बघतंय. त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाईंना तेच ऐकायचं होतं.

वडिलांच्या उशाशी स्टुलावर लॅपटॉप ठेवून, मधेमधे त्यांची कूस बदलून देत, त्यांनी पहिलं पुरं केलं. शंभरात सत्त्याण्णव गुण. मग अर्ज धाडले. ज्या शाळांनी उत्तर दिलं त्यांनी एकच विचारलं, तुमचा तास कोणी बसून पाहिलाय का? कोणीच पाहिला नव्हता. मुख्याध्यापकसुद्धा दारातूनच परत फिरायचे.

दोन वर्षांनी वडील गेले. पुढच्या मोठ्या सुट्टीत बाई दुसऱ्या अभ्यासक्रमाला बसल्या, विशी-पंचविशीच्या पोरापोरींत. शेवटच्या तासानंतर प्रशिक्षकाने वही मिटली.

"तुम्ही गप्प बसता आणि वर्ग बोलायला लागतो," तो म्हणाला. "हे सगळ्यांना जमत नाही."

घरी येऊन बाई आतल्या खोलीत बराच वेळ रडल्या. असं त्यांना आजवर कोणी म्हटलंच नव्हतं.

या खेपेला कोणी तासाबद्दल विचारलं नाही. बहुतेक अर्जांत पासपोर्ट कोणत्या देशाचा ते निवडायचं होतं. यादीत इंग्रजी मातृभाषेचे सात देश होते, बाईंचा नव्हता. ज्या एका ठिकाणी कोणताही पासपोर्ट चालत होता, तिथे वयाची अट होती, चाळीस पूर्ण नसावीत. बाईंना एक्केचाळिसावं लागून तीन आठवडे झाले होते. दुसरं प्रमाणपत्र आधी घेतलं असतं तर, हा विचार त्यांनी पुरता मनात येऊच दिला नाही. वडिलांचा पलंग अजून त्याच खोलीत होता.

शाळा उघडली. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या प्रमाणपत्राची प्रत मागून घेतली आणि शाळेच्या माहितीपत्रकात छापली. बाईंनी धीर करून कायम होण्याचं विचारलं.

"तुम्ही आता कधीही परदेशी जाल, बाई," ते म्हणाले. "तुम्हाला कायम करून आम्ही काय करू?"

"मी कुठेही जात नाहीये, सर."

ते हसले. एवढं शिकून कोणी राहतं का, म्हणाले, आणि नव्या वर्षाचं हंगामी नेमणूकपत्र पुढे सरकवलं. बाईंनी सही केली. सहावीचा तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती.